पाठीवरचा वारा

कोणाला खरं वाटणार नाही, पण एकदा आभाळातल्या वाऱ्याने एका खुन्याची मानगूट धरली.

म्हातारे काका सकाळी आठला जिन्याखाली सापडले. अंग अजून गरम. पडून मेले म्हणावं, तर गळ्यावर बोटांचे वळ. घराची दुसरी किल्ली फक्त स्वयंपाकीणबाईंकडे. त्यामुळे बाई खाली जीपमध्ये, हातकडीत. बोटांवरचं पीठही धुवायला मिळालं नव्हतं.

फौजदारबाई जिना चढू लागल्या आणि दिसायला धड असलेली तिसरी पायरी पायाखाली कलंडली. त्यांनी कठडा पकडला.

"जपून हो," वरून आत्या म्हणाल्या. काकांची ही बहीण शेजारीच राहायची. "कालच संध्याकाळी निखळली. सुतार आज यायचाय."

"काका काल काही बोलले?"

"म्हणे, सोन्या बाजारात दिसला. म्हटलं, दादा, चष्मा बदल. पुतण्या चार वर्षं परदेशात, आणि याला भाजीत दिसतो."

तेवढ्यात सोन्याच बॅग घेऊन दारात. दोन पायऱ्या चढला, एक लांब टांग टाकली, आणि धावत येऊन आत्याच्या गळ्यात पडला. "पुढच्या आठवड्यात लग्न याचं," आत्या फौजदारबाईंना म्हणाल्या. "मुलीकडच्यांना परदेशातलाच जावई हवा होता."

"आठ वाजता कुठे होतात?" फौजदारबाईंनी विचारलं.

"आभाळात. आपल्या घड्याळाने काल रात्री दहाला बसलो, आज नऊला उतरलो. आठ हजार किलोमीटर, अकरा तास. बूड बधिर झालं."

सोन्या जायच्या आधी आत्यांची लेक त्याच परदेशी शहरात असायची, तेव्हा आत्या तिथे जाऊन आल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले. "अकरा जाताना लागतात रे. येताना मला नऊच लागले."

"अंतर काय बदलतं, आत्या?"

फौजदारबाई गॅलरीत गेल्या, विमानतळावर फोन केला आणि परत आल्या.

"अंतर बदलत नाही, वाऱ्याने वेळ बदलतो. त्या उंचीवर तो एकाच दिशेने धावत असतो. जाताना विमानाच्या छातीवर, येताना पाठीवर. तुमचं विमान आज सातलाच उतरलं. त्यात बसला असतात तर कळलं असतं. तुम्ही जायचा वेळ पाठ केलात आणि यायला तोच लावलात."

सोन्याने बॅग खाली ठेवली.

"परदेशी तुम्ही गेलाच नाहीत. काकांना बाजारात तुम्हीच दिसलात. मुलीकडच्यांना परदेशातला जावई हवा होता. काका बोलले असते तर लग्न मोडलं असतं. आज सकाळी त्यांनीच तुम्हाला दार उघडलं."

"थाप मारली, कबूल," सोन्या थंडपणे म्हणाला. "थापेला फाशी नसते. चार वर्षांत या घरात आत्ता पहिल्यांदा पाऊल टाकतोय."

आत्यांनी त्याचा हात आपल्या खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला.

"खोटं बोलतोस, सोन्या. पायरी कालच निखळली. मग ती ओलांडायची, हे तुझ्या पायांना कोणी सांगितलं?"