पलीकडची लहान खाडी

त्या दिवशीचं काम साधंच होतं. नकाशा करायला दक्षिणेकडून एक माणूस आला होता. त्याला माझ्या होडीतून किनाऱ्याने फिरवायचं आणि प्रत्येक खाडीचं नाव सांगायचं. उन्हाळा होता. आमच्या ग्रीनलंडच्या त्या टोकाला तेव्हा सूर्य मावळत नाही.

निघताना आईने बजावलं होतं, पलीकडच्या लहान खाडीचं नाव तेवढं घेऊ नकोस. त्या खाडीला आमच्या पणजोबांचं नाव होतं, आणि तेच माझ्या दादाचंही. वसंतात तिथेच बर्फ फुटून दादा बुडाला. मेलेल्याचं नाव नव्या बाळाला देईपर्यंत आमच्यात कुणी उच्चारत नाही. माझ्या बहिणीचे, तुकुमेकताईचे, दिवस भरले होते. दादाचं नाव तिच्या बाळासाठी राखलेलं होतं.

आम्ही खाडीत शिरलो आणि धुकं उतरलं. कुजक्या शेवाळाचा वास येत होता. बर्फाचे तुकडे एकमेकांना हळू घासत होते. नकाशावाल्याने नाव विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तो हसला. "काय रे, जीभ गोठली? की भूगोलाच्या तासाला पळून जायचास?"

शाळा मी लवकर सोडली होती. ते मला लागलं. मी नाव सांगितलं. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

खाडीच्या टोकाकडून धुक्यातून कुणीतरी म्हणालं, "आलो..."

नकाशावाल्याची पेन्सिल थांबली. "इथे... कुणी राहतं?"

मी होडी वळवली.

घरी ताईला मुलगी झाली होती. आमच्यात मुलाचं नाव मुलीलाही चालतं. रडणाऱ्या बाळाच्या कानाशी सुईण नाव घेते, आणि आपलं नाव पटलं की बाळ शांत होतं. म्हाताऱ्या बेंडिता सुईणीने तीनदा नाव घेतलं. बाळ रडतच राहिलं. दुधाला तोंड लावेना. दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ निळे पडले.

आईने माझ्याकडे पाहिलं. "तिथे नाव घेतलंस?"

मी मान खाली घातली.

"मग तो तिथेच तुझ्या हाकेची वाट बघतोय," ती हळूच म्हणाली. ताई म्हणाली, काहीही कर, पण हिला वाचव.

मी दार उघडलं आणि समुद्राकडे तोंड करून दादाला हाक मारली. बाहेर बांधलेली कुत्री एकेक करून उठली आणि बाजूला सरकली, कुणाला तरी वाट करून दिल्यासारखी. एकही भुंकलं नाही. वाटेवर कुणीच नव्हतं.

माझ्यामागे बाळाचं रडणं थांबलं. ते दूध पिऊ लागलं. आई रडली. ताईने हसत त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"हिचे केस... आत्ता कोरडे होते ना रे?"

तिने बोटं जिभेला लावली. खारट होती.