दोन मिस कॉल आणि चार पाट्या

"आधी पोह्यांची पिशवी उतरव, मग तू उतर!" किमया फलाटावरून ओरडली.

"अगं, पिशवीच मला उतरू देत नाही!" निकेश गाडीच्या दारात अडकला होता. पिशवी केवढी, आणि हा दहा वर्षांचा केवढा! मागच्या एका काकांनी हलकेच ढकललं, तेव्हा कुठे पिशवी आणि निकेश दोघेही रोह्याच्या फलाटावर आले.

मे महिन्याची सुट्टी होती. किमया आणि तिचा धाकटा भाऊ पेणहून निघाले होते ते रूबेनच्या घरी. रूबेनची मिरियम आजी आणि किमयाची आजी इंदुबाई लहानपणापासूनच्या मैत्रिणी. मिरियम आजी तीन महिन्यांपूर्वी इस्रायलला लेकीकडे गेली होती. ती बुधवारी परत यायची होती. आली की देवाचे आभार मानायला घरी मलिदा व्हायचा होता. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळं. पण पोहे पेणचेच हवेत, हा मिरियम आजीचा हट्ट! म्हणून इंदुबाईंनी ही पिशवी पाठवली होती.

पोहे आले. आजी मात्र आली नव्हती. विमान कंपनीच्या लोकांनी संप केला होता आणि आज शुक्रवार उजाडला होता.

रूबेन ओट्यावरच बसला होता. सातवीत गेलेला मुलगा, पण चेहरा असा की पेपर कोरा देऊन आलाय!

"काय कळलं का?" किमयानं विचारलं.

"विमान रद्द. पप्पा दोन दिवस मुंबईला विमानतळावर उभे आहेत. तिकिटाचा एजंट म्हणतो, आजी तिकडेच आहे, हॉटेलात. मजेत आहे म्हणे!"

"मग आजीनं फोन का नाही केला?"

"तिच्याजवळ फोन कुठाय? आणि असता तरी ती बोलते का? पैसे जातात म्हणून मिस कॉल देणार!"

हे खरं होतं. मिरियम आजीचा जुना नियम होता. फोन दोनदा वाजवून बंद केला की समजायचं, सुखरूप पोचले. पेणला आली तरी दोन मिस कॉल, अलिबागला गेली तरी दोन मिस कॉल.

किमयाची नजर स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेल्या फोनवर गेली. "रूबेन, हे काय आहे रे? सकाळी सव्वासहा, एक मिस कॉल. सव्वासहालाच दुसरा. नंबर एकच!"

"कुठल्या तरी कंपनीचा असेल. कर्ज घ्या, प्लॉट घ्या…"

"सव्वासहाला कोण प्लॉट विकतं?"

निकेश मान वाकडी करून नंबर बघत होता. "शून्य आठ तीन दोन! हा तर गोव्याचा नंबर! आपली मावशी म्हापशाला राहते ना, तिच्या शेजाऱ्यांचा असाच आहे!"

किमयानं तो नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग एक जाड आवाज आला.

"हॅलो! इथं कोणी नाही. संप आहे!"

"मग तुम्ही कोण?"

"मी चहावाला. विमान कंपनीची खुर्ची रिकामी दिसली म्हणून टेकलो जरा!"

"काका, सकाळी तिथे मुंबईचे प्रवासी उतरले का?"

"उतरले ना! मुंबईला विमान घ्यायला माणसं नाहीत, म्हणून पहाटे इथं आणून टाकले. साडेसातला दोन बस भरून मुंबईला धाडले."

किमयानं फोन कानाशी घट्ट धरला. "त्यांत एक म्हातारी होती का? नऊवारी नेसलेली?"

"ती पाट्या वाचणारी? होती तर! इथलाच फोन मागून घेतला आणि बोलली काहीच नाही! वर माझ्या टपरीची पाटी तीनदा मोठ्यानं वाचली. ग-र-म… च-हा… अशी!"

"आजी!" रूबेन एवढ्या जोरात ओरडला की पलीकडे चहावाल्यानं 'ओय' केलं.

गेल्या दिवाळीत किमयानंच तिला वाचायला शिकवलं होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अक्षर कळायला लागलं, तेव्हापासून आजीला दुसरा उद्योग नव्हता. एसटीत डावीकडची खिडकी धरायची आणि दिसेल ती पाटी वाचायची!

चहावाल्यानं बसची खूण सांगितली. पांढरी बस, निळा पट्टा, पुढच्या काचेवर कंपनीचा कागद.

"म्हणजे आजी गोवा हायवेनंच येतेय!" निकेश नाचायला लागला. "कोलाडवरूनच जाणार! तिथे उतरेल आणि येईल घरी!"

"नाही उतरणार," रूबेन म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "पप्पा मुंबईला वाट बघताहेत हे तिला माहीत आहे. आणि आज शुक्रवार आहे."

किमयाला कळलं. शुक्रवारी सूर्य बुडाला की आजीचा शब्बाथ, म्हणजे ज्यू लोकांचा विसाव्याचा दिवस सुरू. दिवा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत गाडीत पाऊल टाकायचं नाही. एकदा एसटी बंद पडून उशीर झाला, तर ही बाई नागोठण्यालाच खाली उतरली होती! तिथे ओळखीचं घर तरी होतं. आज बस सूर्यास्ताला पनवेलच्या आसपास असणार. हायवेवर, गोदामांच्या रांगेत, फोन नाही, साखरेचा आजार, हातात बॅग. आणि आजी उतरणार म्हणजे उतरणारच!

तिघं धावत एजंटकडे गेले. स्टेशनच्या वाटेवरच सुजयचं दुकान. तो पंख्याखाली बसून कलिंगड खात होता.

"सुजयदादा, आजी गोव्याला उतरली!"

"स्क्रीनवर रद्द आहे," सुजयनं बी थुंकून सांगितलं.

"अहो, पण ती बसमध्ये बसली!"

"स्क्रीन खोटं बोलेल होय? जा, खेळा जाऊन."

"नवीन विमानाचा मेसेज आला असेल, बघा तरी!"

"मेसेज शंभर आलेत. सगळे कोण वाचणार?"

रूबेननं वडिलांना फोन लावला. एलिजाकाकांच्या मागे नुसता कालवा चालला होता. "रद्द आहे रे बाबा! बोर्डावर पण रद्द! मिस कॉल कोणाचेही येतात. घरी बसा, उन्हात फिरू नका!" आणि फोन बंद.

शेवटी रूबेनच्या आईला दवाखान्यात फोन केला. ती नर्स, शिफ्टवर होती. तिनं सगळं ऐकलं आणि ती म्हणाली, "चहावाल्यानं पाटीचं सांगितलं ना? मग तीच. दत्तामामाकडे जा, पण रस्त्यावर एकट्यानं उतरायचं नाही!"

दत्तामामा म्हणजे किमयाचा दत्तात्रेय मामा. कोलाडच्या पुढे खांब गावात हायवेच्या कडेला त्याचं सरबताचं दुकान. दोन मिनिडोर रिक्षा बदलून पोरं तिथे पोचली आणि चार वाजेपर्यंत तिघांनी मिळून सात ग्लास कोकम सरबत संपवलं. त्यातले चार निकेशचे.

पावणेपाचला निकेश किंचाळला, "पांढरी! निळा पट्टा!"

मामा पंचा हलवत कडेला धावला. "ओ! थांबा! थांबा ओ!"

बसनं भोंगा वाजवला, धूळ उडवली आणि गेली.

"थांबलीच नाय!" मामा धापा टाकत परतला. "सिमेंटचा रस्ता झाल्यापास्नं कोण थांबतो गो इथं?"

रूबेन बाकड्यावर मटकन बसला. "त्यात आजी असेल तर?"

"नसेलही! दुसरी मागे आहे," किमया म्हणाली. पण दुसरी तरी कशी थांबणार? ड्रायव्हर ऐकणार नाही. मग आतून कोणीतरी ओरडायला हवं. आतून कोण ओरडेल?

"मामा, खोक्यांचे पुठ्ठे आहेत? आणि कोळसा?"

"शेगडी हाय, कोळसा हाय. काय करतेस?"

"पाटी! आजी पाटी सोडत नाही!"

"पण ती एकेक अक्षर लावून वाचते," रूबेन म्हणाला. "बस तोवर वडखळला पोचेल!"

किमयानं डोळे मिटले. रोहा–पेण एसटीत तिनं आजीच्या शेजारी किती वेळा बसून पाहिलं होतं. आजीचा एक शब्द पुरा होईपर्यंत विजेचे दोन पोल मागे जायचे. कधीच दोनाच्या आत नाही!

"एका पाटीवर एकच शब्द! प्रत्येक दोन पोलांनंतर एक पाटी. आपण चौघं, शब्द चार!"

कोळशानं हात काळे झाले, नाक काळं झालं, निकेशचा शर्ट तर गेलाच. पण पाट्या झाल्या, हातभर उंचीच्या अक्षरांच्या! कठड्याच्या आत, रस्त्यापासून दूर, चौघं ओळीनं उभे राहिले. पहिला मामा : मिरियम. मग रूबेन : आजी. मग निकेश : खाली. शेवटी किमया : उतर.

ऊन उतरायला लागलं. पाच वाजले. सव्वापाच. किमयाचे हात भरून आले. एक ट्रकवाला पाटी वाचून हसत ओरडला, "मी नाय आजी!"

आणि पांढरी बस आली! निळा पट्टा! मामासमोरून गेली. रूबेनसमोरून गेली. निकेश पाटी घेऊन उड्या मारत होता.

"उड्या नको मारू! अक्षरं हलतात!" किमया ओरडली.

बस तिच्याही समोरून सर्रकन निघून गेली. एक पोल. दुसरा पोल. किमयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग पुढे लाल दिवे लागले. चाकं करकरली. बस कडेला उभी राहिली. किमया धावत दाराशी पोचली, तोच आतून आवाज आला.

"उ-त-र! उतर म्हणतंय माझं नातवंड! दार उघड रे बाबा, माझंच नाव हाय ते!"

दार उघडलं आणि नऊवारी सावरत मिरियम आजी खाली उतरली. मागून ड्रायव्हर बॅग घेऊन आला. "न्या बाबा तुमच्या आजीला! सूर्य बुडाला की उतरवायचं, असं सकाळपासून पंधरा वेळा सांगितलंय मला!"

रूबेननं पळत जाऊन आजीच्या पदरात तोंड खुपसलं. त्याच्या नाकावरचा सगळा कोळसा तिच्या पदराला लागला.

"कोलाड आलं तेव्हा जीव कसा तुटला रे," आजी म्हणाली. "पण एलिजा तिकडं उभा. मी मधीच उतरले तर तो शोधत बसंल ना? मी मिस कॉल दिले होते की!"

"तेच दोन मिस कॉल, आजी!" निकेश म्हणाला. "त्यांच्यापायी माझा शर्ट गेला!"

मामानं दुकान लावून घेतलं आणि सगळ्यांना टेम्पोत घातलं. सव्वासहाला सगळी रोह्यात पोचली. उंबऱ्यावर पाय ठेवतात न ठेवतात तोच फोन वाजला. सुजय! रूबेननं तो आजीच्या हातात दिला.

"आताच चौकशी केली," सुजय सांगत होता. "आजी तिकडेच आहेत. हॉटेलात. काळजी नको!"

"व्हय का? हॉटेल बरं हाय का रे?" आजीनं विचारलं. "मीच मिरियम बोलतेय, घरातून!"

पलीकडे कलिंगडाची फोड थप्पकन खाली पडली आणि फोन बंद झाला.

एलिजाकाकांना फोन गेला, तेव्हा ते आधी रागावले, मग रडले, मग हसले. सूर्य डोंगराला टेकला आणि आजीनं काचेच्या पेल्यात तेल ओतून दिवा लावला. दोन दिवस त्या घरात कोणी मोकळा श्वास घेतला नव्हता. तो आता सगळ्यांनी घेतला.

रविवारी मलिदा झाला. सुजयसुद्धा कलिंगड घेऊन आला आणि मान खाली घालून बसला. एलिजाकाकांनी सगळ्यांत मोठी ताटली किमयापुढे ठेवली. "मी बोर्ड वाचत बसलो पोरी, आणि तू माणूस वाचलास. रूबेन, बाळा, तुझंच ऐकायला हवं होतं मी." मामा म्हणाला, "आन् माझे पुठ्ठे?" ते चारही आजीनं भिंतीला लावले होते. येईल त्याला ती वाचून दाखवत होती.

संध्याकाळी पेणला उतरल्यावर किमयानं आजीच्या नियमाप्रमाणे मिस कॉल द्यायला फोन लावला. एकदाच वाजला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"मिस कॉल नको गो आता," मिरियम आजी म्हणाली. "बोल! पोचलीस का?"