मंद्रूपचं बोलावणं

"पाणी डोळ्यांत धर, बाळ. कॅमेरा जवळ आला की मगच सोड."

राजेश्वरी सात वर्षांची असताना मालिकेच्या दिग्दर्शकानं सांगितलेलं हे. तेव्हा ती घराघरांतली लाडकी 'चिमी' होती. पुढं उंची वाढली, कामं आटली, आणि शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरी परतून ती एका वृत्तवाहिनीची बातमीदार झाली. तो आवाज मात्र कानातून गेला नाही.

चिंचोळी एमआयडीसीत एका बंद कारखान्याच्या फाटकाशी कामगार धरणं धरून बसले होते. भाद्रपदातली भुरभुर चालू होती. राजेश्वरी त्यांची बातमी करत असताना मागून एक छत्री पुढं आली — तिच्यावर नव्हे, कॅमेऱ्यावर.

"अन् मी भिजले तर?"

"तुमी वाळाल की. कॅमेरा वाळत न्हाय." छत्रीवाला सोमेश त्यातलाच एक कामगार.

ती हसली. तो बघत राहिला. "चिमीच न्हवं का तुमी? हे हसणं खरं, का शिकवलेलं?"

"ओळखा की."

मग बातमी नसली तरी तिची पावलं तिकडं वळू लागली. एक कटिंग चहा दोघांत… 'तुम्ही'चं 'तू' झालं. "अजून ओळखलं नाहीस?" ती विचारायची. "घाई काय हाय?" तो म्हणायचा, आणि तिच्या केसांतले थेंब नजरेनंच टिपायचा.

सोमेशचे वडील गुरुबसप्पा त्याच कारखान्यातले. एका दुपारी ते फाटकाशी कोसळले, ते उठलेच नाहीत.

दोन दिवसांनी राजेश्वरी कॅमेरामन मायाप्पाला घेऊन मंद्रूपला त्यांच्या घरी गेली. सोमेश पाव्हण्यांना एस्टीवर सोडायला गेला होता. त्याची आई काशम्मा डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली होती. ओठ हलत होते, डोळे वाहत होते. बघणाऱ्याचे हात आपोआप जुळावेत, असं ते रूप. पूजा आटोपली, लिंग गळ्यातल्या चांदीच्या डबीत परत गेलं, तेव्हा मायाप्पा पुटपुटला, "मॅडम, फोकस हुकला."

राजेश्वरीच्या तोंडून सहज निघून गेलं, "अव्वा, परत एकदा कराल? तसंच… डोळे भरून."

यानं कामगारांचं काही भलं होत असेल, असं काशम्माला वाटलं. तिनं डबी उघडली, तळहात पुढं केला. या वेळी डोळे कोरडेच राहिले. अपराध्यागत ती म्हणाली, "पाणी येईना गं… चालंल का?"

दारात सोमेश उभा होता.

"ओळखलं आता," एवढंच बोलून तो आत गेला.

राजेश्वरीनं तिथल्या तिथं चित्रण पुसायला लावलं आणि काशम्माचे पाय धरले. काशम्मानं तिला उठवलं. "ह्यांच्या दिवसाला, आराधनेला जेवाय ये. ते यंत्र आणू नगं. नुसती ये."

"येते, अव्वा."

संध्याकाळी सोमेशचा निरोप आला — 'तुम्ही येऊ नका.'

तिनं लिहिलं, 'तुझ्यावर जीव आहे माझा, सोमेश. पण मी अव्वांना शब्द दिलाय. तू बोलला नाहीस तरी पंगतीत वाढेन आणि परत जाईन.'



आराधनेच्या सकाळी देवाला नमस्कार करून ती मंद्रूपच्या एस्टीत बसली. कंडक्टरनं ओळखलं. "चिमीताई, शूटिंगला का?"

"नाही. काशम्मांच्यात, जेवायला."

तिकीट हातात आलं. पंगतीत जागा मिळेल की दारातूनच परतावं लागेल, तिला ठाऊक नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून तिनं ते पदरात गुंडाळून घेतले. गाडी हलली.