घुबडाला ओ

दीड महिन्यासाठी म्हणून चारुदत्त नॉरफोक बेटावर गेला आणि चार महिने झाले तरी परतायचं नाव काढेना, तेव्हा पद्मा हॉस्पिटलातून सुट्टी काढून स्वतःच निघाली. बाई भूल देणारी डॉक्टर. माणसांना झोपवायचं आणि वेळेवर जागं करायचं, हाच तिचा धंदा. भाबडेपणा तिच्या अंगात औषधालाही नव्हता. मत्सर मात्र होता, आणि भरपूर होता.

चारुदत्त युनिव्हर्सिटीत ध्वनिशास्त्र शिकवायचा. या बेटावरच्या रानघुबडांची जात एकेकाळी एका मादीवर येऊन ठेपली होती. न्यूझीलंडहून नर आणून ती कशीबशी वाचवली. आता जी मोजकी पाखरं उरली होती त्यांच्या हाका यंत्रावर टिपायच्या आणि कोण कुठे आहे ते शोधायचं, हे त्याचं काम.

पद्माचा पहिला संशय अर्थातच लीनावर. ही लीना बेटावरचीच, घुबडांच्या घरट्यांसाठी झाडांवर लावलेल्या लाकडी पेट्या तपासणारी. चारुदत्तच्या प्रत्येक फोनमध्ये तिचं नाव असायचंच. पण गमबूट घालून, पंचाहत्तरीला टेकलेली लीना विमानतळावर सामोरी आली आणि पद्माचा जीव भांड्यात पडला. "म्हातारी आहे गं!" तिने गिरावीनच्या घरी लेकीला, ऋताला, लगेच फोन करून सांगितलं.

"मम, यू आर अनबिलीव्हेबल," ऋता म्हणाली.

त्या संध्याकाळी पद्मा त्याच्या बेटावरच्या घरात आमटीला फोडणी देत होती. "अहो, ताटं घ्या." हूं नाही की चूं नाही. "अहो!" चारुदत्त खिडकीशी ढिम्म बसलेला.

मग मागच्या डोंगरावरून, पाइनच्या गर्दीतून, दोन सुरांची हाक आली. पहिला सूर आखूड, दुसरा लांब.

"आलो गं!" म्हणत चारुदत्त उठला.

काय तो स्वर! ऋता पोटात होती तेव्हा तो पद्माशी असा बोलायचा. त्यानंतर कधी नाही.

"गोरे म्हणतात, घुबडाची मादी बू-बुक करते," दारात बूट चढवताना तो हसला. "नीट ऐक. अहो म्हणते की नाही?"

पद्माने ऐकलं. म्हणत होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवऱ्याला नावाने हाक मार ना, म्हणून मैत्रिणी तिला चिडवायच्या. पण लग्नापासून तिची 'अहो' आणि त्याची 'ओ', यावरच तर संसार चालला होता. आणि ती हाक एका पाखराने पळवावी?

दुसऱ्या दिवशी लीना अंडी घेऊन आली. "त्याला सांग, तोंडाने उत्तर देऊ नकोस. हाक फक्त टिपायची, हा आमचा नियम आहे. नाहीतर पाखरू घरटं सोडून माणसामागे येतं."

"मग त्या मादीचा काहीतरी बंदोबस्त करा ना!" पद्मा फणकारली.

लीनाने अंड्यांची टोपली खाली ठेवली. "कुठली मादी? त्या डोंगरावर घुबड नाहीये, पद्मा. आम्ही तिथली पेटीही काढून आणली. त्याच्या यंत्रावर एकट्या त्याचाच आवाज आहे. 'आलो गं, आलो गं.' म्हणजे काय?"

पद्माने अर्थ सांगितला नाही. तिने तर स्वतःच्या कानांनी हाक ऐकली होती. हातातलं अंडं तिने जपून टोपलीत ठेवलं.

त्यानंतर हाक खाली खाली येत गेली. आधी डोंगरावर, मग कुंपणाबाहेरच्या पाइनवर, मग पाण्याच्या टाकीपाशी.

एका सकाळी चारुदत्तने चहाचा कप पद्मापुढे ठेवला. "साखर घेता ना तुम्ही?"

"तुम्ही?" पद्मा हसली. "हे काय नवीन?"

"नाही, पाहुण्यांना विचारलेलं बरं." थट्टा नव्हती. तो अगदी अदबीने उभा होता.

पद्मातली डॉक्टर जागी झाली. तिने त्याची नाडी पाहिली, बुबुळं पाहिली, तारीख विचारली, पत्ता विचारला. सगळं बिनचूक.

"बायकोचं नाव?"

"पद्मा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. पण तो बघत होता खिडकीबाहेर.

तिने उद्याच्या विमानाची दोन तिकिटं काढली. ओढत न्यावं लागलं तरी न्यायचं. नवरा माझा आहे, त्या मेलीचा नाही.

दिवस कलला तसा तो निघाला. पद्माही मागोमाग निघाली. आज पहिली हाक तिची असणार होती. पायांना ओली नेच्याची पानं लागत होती, कुजक्या पाल्याचा वास येत होता. रातकिडेसुद्धा गप्प होते.

"चारुदत्त!"

जन्मात पहिल्यांदा तिने त्याचं नाव घेतलं. तो चालतच राहिला. या आवाजात हे नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

तिने छातीभर श्वास घेतला.

"अहो!"

तो थबकला.

वळला.

पद्माचे डोळे भरून आले. जिंकली होती ती.

चारुदत्तने ओठांवर बोट ठेवलं. हातातला रेकॉर्डर अलगद तिच्याकडे रोखला. मग डोक्यावरच्या काळोख्या फांद्यांकडे मान वर करून, अगदी मायेने कुजबुजला,

"पद्मा, ऐकलंस ना? घुबड बोललं."