दुसरा हातोडा

यातलं एक अक्षरही मी वाढवून सांगत नाहीये. उलट एक गोष्ट मी दोन वर्षं लपवून ठेवली होती.

नोव्हेंबर २०२४. रविवार, दुपारचे तीन. इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलच्या बाहेर एका फार्मवरची भाड्याची शेड. पण सुरुवात त्याच्या दोन वर्षं आधीची.

तेव्हा माधव आणि मी एकाच ऑफिसात होतो. वीकेंडचा नाद म्हणून त्याने एक जुना, छोटा ट्रक घेतला होता. चाळीस वर्षांपेक्षा जुना, त्यामुळे एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणीसुद्धा लागत नव्हती. गाडी डावीकडे वळताना स्टिअरिंग अडकायचं. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा बॉल जॉइंट गंजून जाम झाला होता.

माधव दोन आठवडे नागपूरला गेला. जाताना म्हणाला, "शशी, तेवढा जॉइंट बदलून ठेव. नवा आणून ठेवलाय."

मी तासभर झटलो. निघेना. शेवटी वरून ग्रीस फासलं, काळा रंग मारला आणि त्याला मेसेज केला... "झालं. नवा घातला."

नवा जॉइंट माझ्या गाडीच्या डिकीत होता.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी माधव ट्रक घेऊन निघाला. कालव्याकाठी डावं वळण होतं. ट्रक वळलाच नाही.

सरळ पाण्यात गेला. माधव वाचला नाही.

पोलिसांच्या रिपोर्टमध्ये आलं, ओली पानं आणि वेग. स्टिअरिंग आधीपासून जाम होतं की पाण्यात पडून झालं, ते सांगता येत नाही.

मी गप्प बसलो.

दोन वर्षांनी नीनाचा, माधवच्या बायकोचा, फोन आला. "लीड्सचा एकजण शेडमध्ये पडून असलेला ट्रक घेतोय. पण चाकं वळत नाहीत, ट्रेलरवर चढणार कसा? तू बघशील का? ती गाडी तुलाच माहितेय."

मी लगेच हो म्हटलं. मदत करायची म्हणून नाही. तो जुना जॉइंट दुसऱ्या कुणी बघायच्या आत मला गायब करायचा होता.

असा जॉइंट काढायची एक रीत आहे. दोन माणसं, दोन हातोडे. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी घाव घालायचा. माधव आणि मी नेहमी असंच करायचो.

त्या रविवारी शेडमध्ये मी एकटा होतो.

चाकाशेजारी आडवा झालो. घाव घातला.

ठण्ण.

काही नाही. दुसरा. तिसरा. हात भरून आले.

बाहेर कावळे ओरडत होते. मग... ते थांबले.

मी चौथा घाव घातला.

ठण्ण.

आवाज एकच आला. पण हाताला बसलेला हिसका वेगळा होता. जणू पलीकडूनही कुणीतरी...

मी मान वळवून पलीकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

पुन्हा हातोडा उचलला. पण घाव घातला नाही. नुसता वर धरून ठेवला.

पलीकडून आवाज आला.

ठण्ण!

जॉइंट सुटला. दांडा माझ्या खांद्याजवळ आदळला.

आता स्टिअरिंगचा आणि चाकाचा काही संबंध उरला नव्हता. तरीही ते चाक हललं...

सावकाश.

डावीकडे.

पूर्ण वळलं आणि थांबलं.

मी सरपटत बाहेर आलो. पलीकडे गेलो. टूलबॉक्समधला दुसरा हातोडा जमिनीवर पडला होता.

शेड कोरडी होती. त्याची मूठ ओली होती. कालव्याच्या चिखलाचा वास येत होता.

मी जॉइंट पिशवीत घातला. वाटेत कुठेतरी फेकता आला असता.

मी सरळ ईलिंगला नीनाच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. हातोड्याचं सोडून.

तिने पिशवी उघडून जॉइंट पाहिला.

"निघताना मी त्याला म्हटलं होतं, आधी जवळच चक्कर मारून बघ," ती म्हणाली. "तो म्हणाला, शशीने केलंय ना, मग कशाला बघायचं?"

तिने पिशवी माझ्याकडे सरकवली.

"दोन वर्षं मी त्याला दोष देतेय, शशी. पूर्वीलासुद्धा सांगितलं, बाबा फास्ट चालवत होते."

जिन्यावर पूर्वी, त्यांची चौदा वर्षांची मुलगी, उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे... बाबाची चूक नव्हती?"

"नाही गं," मी म्हटलं. "माझी होती."

ती वर गेली. दार लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांना जबाब दिला. पुढे जे व्हायचं ते होईल. सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

कारण एक प्रश्न सुटत नाही. त्या दुपारी माधव मला पकडायला आला होता... की नेहमीसारखा मदतीला?

पकडायला आला असेल, तर मी समजू शकतो.

मदतीला आला असेल, तर मात्र मला झोप लागत नाही.