हजारांच्या लाडक्याची गुहा

चौथा राजा आणायला जायचं ठरलं, तेव्हा त्याला मरून सव्वाशे वर्षं झाली होती.

मादागास्करच्या किनाऱ्यावर, अंकोबे गावच्या कुंपणात राजांचं घर होतं. त्यात सात पेट्या ठेवायच्या जागा आणि सहाच पेट्या. प्रत्येक पेटीत एका राजाचा दात, नख, केसांची बट, मगरीच्या पोकळ दातात भरून चांदीनं बंद केलेली. चौथी जागा रिकामी. पठारावरचं सैन्य चालून आलं तेव्हा चौथ्या राजाची पेटी खाडीपलीकडच्या गुहेत लपवली होती, ती परत आलीच नव्हती. दोन वर्षांपासून गादीही रिकामी होती. नवा राजा बसण्याआधी पेट्यांना स्नान घालायची रीत होती; मधल्या राजांनी ते चौथ्यावाचूनच भागवलं, पण आता म्हातारे एकच घोकत होते, "पूर्वजांचं स्नान अर्धवट, तर राजाही अर्धवट. चौथा आणा, मग बसा."

त्यातच राजधानीहून पत्र आलं. फ्रेंच जायला निघाले होते. नव्या प्रजासत्ताकाला एक पुस्तक काढायचं होतं : देशाला नाव कसं पडलं आणि त्याचे राजे कोण कोण होऊन गेले. प्रत्येक राजघराण्यानं आपली यादी पाठवावी.

"बघितलंस? यादीत चौथ्याच्या नावापुढे 'पेटी हरवली' असं लिहायचं का?" बेमिहारी वोलासोआला म्हणाला. गादीवर हक्क सांगणारा तो एकटाच उरला होता. शहरातल्या कचेरीत कारकून. अंगाला अत्तराचा वास, बोलण्याला उपकाराचा. वोलासोआला तो पहिल्यापासून सहन होत नसे. त्यानं तिचा हात धरला की ती नंतर गुपचूप लुगड्याला हात पुसायची.

पण गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वोलासोआ राजांच्या घराची राखणदार होती. तिची आई राखणदार, आजी राखणदार. गुहेची वाट त्यांच्याच तोंडी चालत आलेली, आणि पेटीला हात लावायचा अधिकारही फक्त राखणदाराचा. दुसऱ्या कुणी लावला तर फादी! म्हणजे असा मोडलेला नेम, की त्याचं पाप नातवंडांपर्यंत पुरावं.

तोल राखायला बाजूला ओंडका बांधलेली उलांडीची होडी तोंबोची. राजघराण्याची होडी वल्हवायची ती तोंबोच्या कुळानंच, तीही फुकट. कारण त्यांचे पूर्वज चौथ्या राजाची पेटी खांद्यावर घेऊन गुहेत गेले आणि स्वामीला एकटं सोडवेना म्हणून आपखुशीनं तिथेच राहिले, असं सगळे सांगत, गाण्यात गात. म्हणून त्या कुळाचं नावच पडलं होतं 'थांबलेले'. मान मोठा, पण जेवणाच्या पंगतीत त्यांचं पान मात्र कुंपणाबाहेर.

तीन दिवसांचा भात, सुकी मासळी, पूर्वजांना वाहायला दारूची बाटली, एक पहार आणि कंदील घेऊन तिघं निघाले.

खाडीत शिरल्याबरोबर वास आला. तिवरांच्या मुळ्यांत फुगून अडकलेला बैल होता. वशिंड फुटून त्यातून काहीतरी पांढरं वळवळत पाण्यात पडत होतं आणि खाली मासे ते मटामट गिळत होते. बेमिहारीनं अत्तराचा रुमाल नाकाशी धरला.

"धाकले सरकार," तोंबो वल्हं न थांबवता म्हणाला, "काल दुपारी जेवलात ना, ते मासे इथलेच."

बेमिहारी काठावरून वाकला आणि भडाभडा ओकला. मासे तिकडेही धावले.

"तोंबो, पुरे," वोलासोआ म्हणाली. पण तिला हसूही येत होतं.

ओठ पुसल्यावर बेमिहारीला बोलायचा जोर आला. "या पुस्तकामुळे सगळ्या जगाला कळेल आपण कोण ते. मादागास्कर हे नाव—"

"ते तरी आपलं कुठं?" तोंबो म्हणाला. "मास्तर सांगत होते, इथं कधी पाऊलही न ठेवलेल्या कुणा परक्यानं ऐकलं दुसऱ्याच गावाचं नाव आणि चिकटवलं आपल्याला. माझी आजी नुसतं 'लाटांमधली जमीन' म्हणायची. चुकीच्या नावाचा देश, आणि त्यात राजांची यादी मात्र अगदी बरोबर पाहिजे!"

"होडी वल्हव," बेमिहारी म्हणाला.

दुपारी ओहोटी लागली आणि होडी रेंद्यात बसली. पुढचा अर्धा कोस पायीच. पाय टाकला की मांडीपर्यंत आत! काळा, कोमट, कुजक्या अंड्याच्या वासाचा रेंदा. बोटांच्या बेचक्यांत काहीतरी सरपटायचं आणि ते काय असेल याचा विचार न केलेलाच बरा. डासांचे थवे तोंडात, नाकात. वोलासोआनं एक डास गिळला, थुंकली, दुसरा गिळला. तिला स्वतःच्या कातडीचीच किळस आली. असं वाटलं, हे अंग उतरवून कुठंतरी ठेवून द्यावं.

पुढचा ओंडका हलला.

"मागे!" तोंबो ओरडला.

ओंडक्याला डोळे होते! रेंदा फाटला. मगर सरळ वोलासोआवर आली. तिला पळता येईना. पाय रुतलेले! जबडा उघडला आणि आतून सडक्या मांसाची ऊब तिच्या तोंडावर आली. तोंबोनं दोन्ही हातांनी पहार खुपसली. टाळूत! मगर गर्रकन वळली, शेपटीचा फटका बेमिहारीच्या कमरेत बसला, तो उताणा पडला. पुन्हा पहार! रक्त आणि चिखल. मग एकदम काही नाही. फक्त पाण्याकडे घसरत गेलेली एक रुंद चरी.

वोलासोआनं तोंडावरचा चिखल पुसला. तो वास तिच्या केसांत बसला होता.

"लागलं का, मावशी?" तोंबोनं विचारलं.

"नाही रे. तू होतास म्हणून."

"आणि मला कोणी विचारणार आहे की नाही?" चिखलातून बेमिहारीचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी चुनखडीचे सुळके. शेकडो सुऱ्या उलट्या पुरून ठेवाव्यात तसं ते रान होतं; पाऊल टेकवायचं तर चवड्यावर, हात टेकवायचा तर रक्त काढायच्या तयारीनं. वोलासोआ आजीची वाट पुटपुटत चालली. जुळ्या गोरखचिंचांकडे पाठ, मग बैलाच्या शिंगासारख्या दोन सुळक्यांमधून, मग जिथून वारा खालून वर येतो तिथं थांब. वारा आला. त्याला घाण वास होता. डोळ्यांत पाणी आणणारा, घसा जाळणारा.

गुहेचं तोंड सापडलं!

"उद्या उधाण आहे," तोंबो आत डोकावून म्हणाला. "खालच्या चिरांतून खाडी आत येते. आज दुपारची भरतीही मोठीच असणार. लवकर आत, लवकर बाहेर."

आत वटवाघळं होती. लाखो! छत जणू श्वास घेत होतं. खाली त्यांच्या विष्ठेचा ढीग, गुडघ्यापर्यंत, मऊ आणि गरम; आणि तो ढीग झुरळांनी जिवंत होता. कंदिलाचा उजेड पडला की जमीन खसखसत बाजूला सरकायची आणि पाऊल पडलं की चिरडायची. झुरळं पायांवरून चढली. लुगड्यात शिरली. वरून ओलं, ऊन काहीतरी मानेवर टपटपत राहिलं. वोलासोआनं ओठ घट्ट मिटले आणि ओकारी गिळली. बेमिहारी तर मोठमोठ्यानं रडतच होता.

त्या दालनाच्या टोकाला अरुंद घळ होती, गाईच्या घशासारखी. एका वेळी एकच माणूस जाईल अशी. घळीतून चढून ते वरच्या कोरड्या जागी आले. समोर भिंत होती. चुन्यानं बांधलेली, पुरुषभर उंच, वर छतापर्यंत दगड ठासलेले. मधोमध तीन पांढरे दगड, आजीनं सांगितलेले.

वोलासोआनं दारू शिंपडली. मोठ्या आदरानं ती म्हणाली, "हजारांच्या लाडक्या स्वामी, आंद्रियांतियारिवो, तुमची लेकरं न्यायला आलीत." राजा मेला की त्याचं जिवंतपणीचं नाव जिभेवर आणायचं नाही, मरणानंतर मिळालेलं थोर नाव घ्यायचं. जुनं नाव फक्त राखणदाराला ठाऊक असतं, ते विसरू नये म्हणून आणि उच्चारू नये म्हणून.

तोंबोनं पहार घातली. चुना सुटायला फार वेळ लागला. एक दगड. तिसरा. सातवा. भोक माणसाएवढं झालं, तेव्हा तोंबोनं कंदील आत धरला, आणि तो तसाच उभा राहिला.

"काय आहे?" बेमिहारीनं विचारलं. "पेटी आहे का?"

वोलासोआनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

पेटी होती, मागच्या कोनाड्यात. आणि भिंतीच्या आतल्या अंगाला, एकमेकांवर चढून, दाटीवाटीनं पडलेले सांगाडे होते. पेटीजवळ एकही नाही. सगळे भिंतीशी! चुन्यावर आतून ओरखडे होते, खालपासून छतापर्यंत. काही ओरखड्यांत बोटांची हाडं अजून रुतलेली. पायांच्या नळ्यांभोवती गंजलेल्या बेड्या. दोन कवट्यांपाशी बायका केसांत माळतात तसले शंखमणी सांडलेले होते.

वोलासोआनं मोजले. नऊ.

"आपखुशीनं राहिले," तोंबो हळूच म्हणाला. "लहानपणी हे गाणं म्हणायला लावायचे आम्हाला."

भिंत बाहेरून बांधलेली होती. चुना बाहेरून लिंपलेला. आणि गुहेची वाट, पांढऱ्या दगडांची खूण बरोबर घेऊन घरी परत आलेलं माणूस एकच होतं : राखणदार. तिच्या आजीची पणजी! आत माणसं ओरडत असताना तिनं ते तीन दगड निवडून बसवले असतील. आणि घरी जाऊन गाणं रचलं असेल.

इतका वेळ घाणीत चालूनही दाबून ठेवलेली ओकारी आता आली. वोलासोआ भिंतीला धरून ओकली, रिकाम्या पोटानं, पुन्हा पुन्हा.

बेमिहारी तिला बाजूला सारून भोकातून आत घुसला. पायाखाली बरगड्या कडकडल्या.

"सरकार, पाय उचला," तोंबो म्हणाला.

"हाडं आहेत, दुसरं काय? तेव्हाची रीतच होती ती." त्यानं एक कवटी पायानं बाजूला केली. "बाहेर कुणी चकार शब्द काढायचा नाही. यादीत काय लिहायचं ते मी बघतो. ये वोलासोआ, उचल स्वामींना."

"स्वामी?" ती ओरडली. "लाहिमेना म्हण त्याला! लाहिमेना! त्याच्या आईनं ठेवलेलं नाव. कुणाचाही लाडका नव्हता तो!"

बेमिहारीचा चेहरा पांढराफटक पडला. नऊ सांगाडे बघून ढळला नव्हता तो त्या एका नावानं हादरला. "फादी! तू नाव घेतलंस! जीभ झडेल तुझी!"

खालून आवाज आला. गडगड, आणि मग चुळूक-चुळूक.

"भरती!" तोंबोनं कंदील उचलला. "पळा!"

बेमिहारीनं क्षणभर पेटीकडे पाहिलं आणि फादीबिदी सगळं विसरून ती स्वतःच छातीशी कवटाळली. ते घळीत उतरले. खालचं दालन पाण्यानं भरत होतं. पाणी कसलं! विष्ठेचा पातळ, फेसाळ लगदा, वर झुरळांची साय. तोंबो पुढे उतरला. कमरेपर्यंत. छातीपर्यंत! मागून वोलासोआ. आणि तिच्या मागे बेमिहारी घळीच्या तोंडात अडकला. पेटी आडवी, कोपरं दोन्हीकडे रुतलेली.

"सोड ती!"

"नाही! ही गेली तर मी कोण?"

वाकून अडकलेल्या त्याच्या हनुवटीला लगदा लागला. तोंडात गेला. तो खोकला, तरी मिठी सुटेना. वोलासोआ मागे वळली. तिनं त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना चावा घेतला. कडकडून! तो किंचाळला. पेटी तिच्या हातात आली, राखणदाराच्या हातात, आणि तिनं ती त्याच्या डोक्यावरून मागे, वर, घळीतून भिंतीच्या दिशेनं होती नव्हती ती सगळी ताकद लावून भिरकावली. दगडावर लाकूड आपटल्याचा आवाज झाला.

तोंबो परत आला होता. यायची काही गरज नव्हती. त्यानं बेमिहारीचे केस धरले आणि ओढला. वटवाघळं घाबरून सुटली, तोंडावर फडफडली, कंदील विझला. दूर गुहेच्या तोंडाचा करडा ठिपका तेवढा दिसत होता. नाक वर. तोंड बंद. एक पाऊल. अजून एक!

ते उन्हात येऊन पडले. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

"का आणलंस त्याला?" वोलासोआनं तोंबोला विचारलं.

तोंबो कानातली घाण बोटानं काढत होता. "तिथं आधीच पुष्कळ आहेत, मावशी. त्यात हा कशाला?"

अंकोबेच्या कुंपणात सगळे म्हातारे जमले होते. वोलासोआनं उभं राहून सगळं सांगितलं : भिंत, बेड्या, ओरखडे, आणि चुना कुणी लिंपला तेही. बेमिहारी मान खाली घालून बसला होता, बोटांना फडकं बांधून. तिला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल.

कुणी हललंही नाही. सगळ्यांत थोरल्यानं तंबाखूची पिंक टाकली. "म्हणून तर 'चौथा आणा' असं नुसतं म्हणायचो, इतकी वर्षं पाठवलं कुणालाच नव्हतं, पोरी," तो म्हणाला. "याला गादीची घाई झाली. बस खाली. हातपाय धू."

त्यांना माहीत होतं! वोलासोआनं त्यांच्या सुरकुतलेल्या, स्वच्छ, धुतलेल्या हातांकडे पाहिलं. तिला त्या गुहेपेक्षाही जास्त घाण वास आला. तिनं राजांच्या घराची किल्ली गळ्यातून काढली, थोरल्याच्या पिंकेशेजारी जमिनीवर ठेवली आणि कुंपणाबाहेर पडली.

राजधानीला पत्र गेलं. यादी व्यवस्थित होती. चौथ्या नावापुढे 'हजारांचा लाडका' असंच लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात बसून केस धूत होती, चौथ्यांदा. वास जातच नव्हता. तोंबोची आत्या सोआनावेलो दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे थांबलेल्यांच्या वस्तीतले दहा-बारा जण. म्हातारीच्या काखेत कोऱ्या कापडाचा गठ्ठा होता.

"किती होते?" तिनं विचारलं.

"नऊ."

"त्यात बायका?"

"दोन."

म्हातारीनं गठ्ठ्यावरून हात फिरवला. "हाडं गुंडाळायला कापड पुरेल. तोंबोला वाट नीट आठवत नाही, सगळे सुळके सारखेच म्हणतो. तू येशील का?"

वोलासोआला तो रेंदा आठवला. डास, झुरळं, मानेवरचं ते ओलं, कोमट टपटपणं. तिनं केसांतलं पाणी पिळून काढलं.

"माझ्या घरच्यांनी बांधलीय ती भिंत, आत्याबाई," ती म्हणाली. "तुम्हाला चालेल मी?"

"वाट तुलाच ठाऊक आहे ना? मग चालायला काय झालं?" म्हातारी म्हणाली. "केस नंतर धू. ओहोटीची वेळ निघून चाललीय."

वोलासोआनं ओले केस तसेच बांधले आणि पहार उचलली.