डोळे उघडलेली रांग

नाथाजी कुंभार सोमवारी भर दुपारी सांगलीच्या संग्रहालयात आला, तो पिशवीत मूठभर अक्षता घेऊन. सोमवारी प्रदर्शन बंद असतं. पण त्याची लेक शिवांजली तिथंच कामाला, म्हणून शिपायानं दार उघडलं.

आत माणसाच्या उत्क्रांतीची रांग उभी होती. आधी वाकलेलं माकड, मग एकापेक्षा एक ताठ होत गेलेले तिघं, आणि शेवटी सरळ उभी बाई. पाचही फायबरचे पुतळे नाथाजीनंच कुपवाडच्या शेडमध्ये घडवलेले. सगळा जन्म गणपती करण्यात गेलेला. बाईला चेहरा कुणाचा द्यायचा, तर घरातल्या लेकीचा दिला. इथवर ठीक होतं. पण डोळे रंगवायच्या आधी हात सवयीनं उदबत्तीकडं गेला, कपाळांना हळदकुंकू लागलं, आणि गणपतीला म्हणतो तसं तो पुटपुटला, "या, बसा." माकडांना पाहुण्यासारखं बोलावलं म्हणून स्वतःशीच हसलाही होता.

त्या दिवसापासून शिवांजली मंदावत चालली. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. डॉक्टरांना काही सापडेना. आता तर तिच्या पापण्याही लवत नव्हत्या. नाथाजीला दुसरं काही सुचत नव्हतं. बोलावलेल्यांना परत पाठवायचं, एवढंच.

लेकीला त्यानं सोबत आणून दाराशी खुर्चीत बसवलं होतं.

"पोरी, लय येळ न्हाई लागायचा. हितनं उठू नगं."

"व्हय आबा..."

पुतळे होऊन सहा महिने झाले, तरी हॉलमध्ये ओल्या रंगाचा वास होता. विसर्जनाआधी मूर्तीवर अक्षता टाकून ती जागेवरून जराशी हलवतात. मग देव जातो, माती राहते. नाथाजीनं तेच केलं. चार पुतळे मुकाट सरकले. बाईपाशी मात्र तो जरा थांबला. तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, कमरेला धरून चार बोटं सरकवलं. 'पुढच्या वर्षी लवकर या' हे शब्द ओठांवर आले, ते त्यानं निकरानं गिळले.

मागं खुर्चीचा पाय फरशीवर घासला.

तो वळला. शिवांजली तशीच बसलेली, पण खुर्ची चार बोटं सरकली होती. तिच्या केसांत अक्षता होत्या.

"शिवा...?"

नाथाजीच्या ध्यानात आलं. परत ये, एवढंही आपण म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या पाठीशी, अगदी मानेजवळ, कुणीतरी हळूच म्हणालं, "आबा, घरला चला... लय दिस उभी हाय मी."